चुऱ्यातला रावस आणि फेसलेल्या मोहरीचा सॉस

रव्यात घोळवलेली सुरमई मी कॉलेजात असल्यापासून तळतोय. त्याच भरवशावर पहिल्यांदा रावसाचे बिनकाट्याचे काप ब्रेडच्या चुऱ्यात घोळवले, तेलात सोडले आणि उलटायला गेलो, तर मासा झाऱ्यावर आणि कवच कढईत. चुऱ्याचं स्वतंत्र थालीपीठ झालं होतं. दुसऱ्या वेळी कवच टिकलं, पण पानात वाढेपर्यंत मऊ पडलं. तिसऱ्या वेळी मासा चांगला झाला आणि सॉसचं ताक झालं.

तिन्ही वेळचा गुन्हेगार एकच होता, पाणी. माशातलं पाणी, तळल्यावर निघणारी वाफ, दह्यातलं आणि काकडीतलं पाणी. या पदार्थातली जवळजवळ प्रत्येक पायरी पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी आहे. हे एकदा लक्षात आलं की कृती पाठ करावी लागत नाही.

रव्याला हे नखरे का लागत नाहीत? रवा हा गव्हाचा कच्चा दाणा. ओलसर माशाला तो नुसता चिकटतो, तिथलं पाणी पितो आणि तळताना त्याच पाण्यात शिजून घट्ट बसतो. ब्रेडचा चुरा मात्र आधीच भाजून झालेला असतो. त्याला पाणी मिळालं की त्याचा लगदा होतो आणि लगदा सुटून येतो. म्हणून मासा आणि चुरा यांच्यामध्ये दोन मध्यस्थ घालायचे, आधी कोरडं पीठ आणि मग अंडं. पीठ माशाचा ओलावा टिपतं, अंडं पिठाला धरतं आणि चुरा अंड्याला चिकटतो. गरम तेलात अंडं आळलं की तिन्ही थर एकजीव होतात. अंडं माशाला थेट लावलं तर ते ओल्या अंगावरून घसरतं. माझ्या पहिल्या थालीपिठाचं रहस्य तेच, मी मैदा वगळला होता.

कोणता मासा

रावस या कामाला उत्तम. मांस जाड, पांढरं, शिजल्यावर मोठ्या पाकळ्या सुटतात आणि चव अशी की सॉसशी भांडत नाही. घोळ मासाही छान. रायगडकडचा कोणी ओळखीचा असेल तर जिताडा मिळवा. कोलकात्यात चुऱ्यात घोळवून ज्या भेटकीचा प्रसिद्ध ‘फिश फ्राय’ करतात, ती भेटकी म्हणजेच आपला जिताडा. त्यामुळे या पदार्थासाठी तो सिद्ध झालेला मासा आहे. सुरमई चालते, पण मांस लवकर कोरडं पडतं. मला ती तुकडीत, काट्यासकट, रव्यातच आवडते. बांगडा तेलकट आणि चवीला उग्र, त्याला हा साज शोभत नाही. आणि पापलेटच्या वाटेला जाऊ नका. २०२३मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलंय म्हणून नव्हे, तर त्याचे काप इतके पातळ निघतात की चुरा लाल होईपर्यंत आत काही उरत नाही. पापलेट अख्खंच तळावं.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजा रावस शोधत फिरण्यापेक्षा तळ्यातला जिताडा किंवा फ्रीझरमधला बासा बरा. बासा हा गोड्या पाण्यातला मासा, काटे नसलेला, वास नसलेला आणि खरं सांगायचं तर फारशी चव नसलेला. लहान मुलांना आणि मासे खायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना तो आवडतो. मात्र त्यातून पाणी फार सुटतं. फ्रीझरमधून काढलेला बासा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून वितळू द्या. खाली भांडं ठेवा. सकाळी त्या भांड्यात जमलेलं पाणी बघितलं की माझं म्हणणं पटेल. घाईत गरम पाण्यात बुडवलात तर बाहेरून लिबलिबीत आणि आतून बर्फ असा मासा हाती येतो.

चार माणसांना साधारण ६०० ग्रॅम बिनकाट्याचं मांस पुरतं. अख्खा मासा घेत असाल तर डोकं, काटा, कातडी जाऊन निम्म्याच्या आसपास मांस उरतं, म्हणजे सव्वा ते दीड किलोचा रावस लागेल. बाजारात ‘फिले’ हा शब्द आता सगळ्यांना कळतो. न कळला तर सरळ सांगा:

“मावशी, तुकड्या नकोत. मधला काटा काढून दोन्ही बाजूंचे लांब काप द्या, कातडी पण काढा.”

यावर बहुतेक वेळा “अरे, मग डोकं नि काटा टाकू काय? ने की कालवणाला!” असं उत्तर येतं, आणि मावशींचं ऐकावं. डोक्याचं आणि मधल्या काट्याचं कालवण दुसऱ्या दिवशी होतं, शिवाय काट्याला चिकटलेलं मांस तुम्ही पैसे देऊनच घेतलेलं असतं.

ताजेपणाची पारख नेहमीचीच. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. कापलेलं मांस घेताना ते चकचकीत दिसतंय ना आणि पाकळ्या आपोआप सुटत नाहीयेत ना, एवढं बघा. समुद्राचा वास येऊ दे, अमोनियासारखा उग्र वास आला तर पुढच्या पाटीकडे जा.

आधी सॉस

खाताना सॉस शेवटी येत असला तरी करायचा सर्वांत आधी, कारण दही टांगायला वेळ लागतो. टार्टर सॉस म्हणून जो मिळतो त्यात मेयोनीज, व्हिनेगरमधली छोटी काकडी, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या आणि थोडी मोहरीची पेस्ट असते. या चारांपैकी तिघांना आपल्या स्वयंपाकघरात पर्याय आहेत आणि ते मला मूळच्यापेक्षा जास्त आवडतात.

दोन वाट्या घट्ट, आंबट नसलेलं दही फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्येच टांगा किंवा चाळणीत ठेवा. श्रीखंडाइतका कोरडा चक्का नको, पण चमच्यावरून ओघळता कामा नये. साधारण एक वाटी मिळतो. त्यात दोन मोठे चमचे विकतचं मेयोनीज. तेही नको असेल तर दोन चमचे साय चालते. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी करण्याच्या भानगडीत नवशिक्यांनी पहिल्याच दिवशी पडू नये.

आता मोहरी. लोणच्यासाठी मिळते ती मोहरीची डाळ एक चहाचा चमचा घ्या, बारीक कुटा आणि दोन चमचे गार पाणी, चिमूटभर मीठ घालून चमच्याने फेसा. सुरुवातीला काहीच वास येत नाही. पाणी लागलं की मोहरीतली घटकद्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि मगच तो झणका तयार होतो. पाच-सात मिनिटांत नाकात गेला की झालं. पाणी गरम घेतलंत किंवा लिंबू आधीच पिळलंत तर झणका उठतच नाही, म्हणून आंबट नंतर घालायचं. घरात लोणचं घालताना आजीला मोहरी फेसताना पाहिलं असेल तर हे शिकवायची गरज नाही. डोळ्यांतून पाणी काढत पळालेली पोरं आपणच होतो.

केपरच्या जागी खारातली कैरी, अगदी बारीक चिरून एक मोठा चमचा. तिचा खारटपणा आणि आंबटपणा माशाबरोबर असा काही लागतो की बाटलीतले केपर परत आणावेसे वाटले नाहीत. काकडी अर्धी, बिया काढून, बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मग मुठीत धरून निर्दयपणे पिळा. माझ्या ताक झालेल्या सॉसमध्ये हीच पायरी राहिली होती. एक छोटा कांदा बारीक चिरून, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. सगळं चक्क्यात कालवा, शेवटी अर्धं लिंबू आणि अर्धा चमचा साखर. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण कैरी आणि काकडी दोन्ही खारट आहेत. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या.

एवढा खटाटोप नको असेल त्या दिवशी लोणी-लसणाचा सॉस करा. दोन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळवायचं, चार पाकळ्या लसूण बारीक चिरून लाल न होऊ देता परतायचा, गॅस बंद करून एका लिंबाचा रस आणि मिरपूड. पाच मिनिटांचं काम. फक्त तो माशावर ओतू नका, वाटीत बाजूला द्या. ओतलात की कवच गेलंच.

चुरा

पाकिटातला ब्रेडचा चुरा मी वापरत नाही असं नाही, पण तो फार बारीक आणि बहुतेक वेळा आधीच तांबूस भाजलेला असतो. तेलात पडला की मिनिटभरात काळपट होतो आणि आत मासा कच्चाच. घरचा चुरा करायला दहा मिनिटं लागतात. दोन दिवसांचे शिळे लादीपाव पाच-सहा घ्या, वरची तपकिरी साल काढा, हाताने तोडून मिक्सरमध्ये थांबत थांबत दोन-तीनदा फिरवा. पूड नको, पोह्याच्या चुऱ्याएवढे ओबडधोबड कण हवेत. मोठ्या कणांच्या मधल्या फटींत तेल शिरतं आणि कवच हलकं, कुरकुरीत होतं. मग हे कण जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, रंग न बदलता फक्त कोरडे होईपर्यंत. गोडसर सँडविच ब्रेड टाळा, साखर लवकर करपते.

दुकानात पान्को नावाचा जपानी चुरा दिसतो, महाग असतो. चांगला असतो हे मान्य. पण त्या नावातला ‘पान’ म्हणजे पोर्तुगीजांचा पाव, तोच जो त्यांनी गोव्यात आणि वसईत आपल्या गळ्यात मारला. १५४३मध्ये ते जपानला पोहोचले आणि तिथेही तो शब्द ठेवून आले. ‘को’ म्हणजे पूड. तेव्हा लादीपावाचा चुरा हा पान्कोचा गावाकडचा चुलतभाऊ आहे, त्याला कमी लेखू नका.

माशाची तयारी

काप धुऊन घ्या, पण पाण्यात पडू देऊ नका. मधल्या रेषेवरून बोट फिरवा, बारीक काटे टोचले तर स्वच्छ चिमट्याने काट्याच्याच दिशेने ओढून काढा. तळव्याएवढे, साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ काप असेल तर जाड भाग आडवा चिरून सारखा करा, नाहीतर शेपटीकडचा भाग कोरडा पडेल आणि मधला कच्चा राहील.

६०० ग्रॅम माशाला एक चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा मिरपूड चोळा. हळद घालायची तर चिमूटभरच. इथे आपल्या सवयीला थोडा लगाम घालावा लागतो. आलं-लसूण-कोथिंबिरीचं हिरवं वाटण मला जीव की प्राण, पण ते माशाला लावलंत की पुन्हा ओलावा आला आणि वाटण तेलात करपतं. लसूण हवाच असेल तर चार पाकळ्या किसून त्याचा रस अंड्यात पिळा. लिंबूही आत्ता नको. जास्त वेळ लिंबात राहिलेल्या माशाचं मांस पांढरंफटक आणि भुसभुशीत होतं. लिंबू पानात, फोडीच्या रूपाने.

पंधरा मिनिटांनी माशावर पाणी सुटलेलं दिसेल. ते स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने दाबून टिपा, दोन्ही बाजूंनी, आणि वाटलं की पुरे झालं तर आणखी एकदा.

तीन ताटल्या

पहिल्या ताटलीत अर्धी वाटी मैदा आणि दोन चमचे तांदळाची पिठी, चिमूटभर मीठ. दुसऱ्या खोलगट ताटलीत दोन अंडी, एक चमचा पाणी घालून, फेस न काढता फक्त नीट मोडलेली. तिसरीत दोन वाट्या चुरा. डावीकडून उजवीकडे याच क्रमाने मांडा.

एक हात कोरडा, एक हात ओला, एवढा नियम पाळा. उजव्या हाताने काप मैद्यात घोळवा आणि झटका. मैद्याचा पातळ थर राहायला हवा, गिलावा नको. तोच हात न भिजवता काप अंड्यात सोडा. डाव्या हाताने तो अंड्यात उलटसुलट करून, जास्तीचं निथळू देऊन, चुऱ्यात ठेवा. मग परत उजव्या, कोरड्या हाताने वरून चुरा घाला आणि तळव्याने हलकं दाबा. कडाही विसरू नका. हात अदलाबदल झाले की बोटांना वड्या चिकटतात आणि चौथ्या कापापर्यंत तुमच्या बोटांवर माशापेक्षा जास्त कवच असतं.

अंडं खात नसाल तर मैदा आणि कॉर्नफ्लोअर निम्मे-निम्मे घेऊन भज्याच्या पिठापेक्षा जरा पातळ घोळ करा. जमतं, पण कवच थोडं कडक होतं.

घोळवलेले काप एकावर एक न ठेवता ताटात मांडून, न झाकता, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी सगळे टाळतात. या वेळात मैदा ओलावा शोषतो, अंडं जरा सुकतं आणि थर एकमेकांना धरतात. पाहुणे दारात आले असले तरी हे टाळू नका, त्यांना सरबत द्या.

तळणी

बुडाला सपाट अशी कढई किंवा खोल पॅन घ्या. काप अर्धा बुडेल एवढं, म्हणजे सेंटिमीटरभर तेल पुरे. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, राइस ब्रान, कोणतंही चालेल. घाण्याचं खोबरेल लवकर धुरावतं, ते कालवणाच्या फोडणीला राखून ठेवा.

तेल १७५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याचे चार कण टाकून बघा. तळाशी बसून राहिले तर तेल गार, लगेच काळे पडले तर फार गरम, बुडबुडे काढत वर नाचून हळूहळू सोनेरी झाले तर बरोबर. गार तेलात चुरा तेल पितो. जास्त गरम तेलात बाहेरून करपतो. आच मध्यम ठेवून तेल तापू द्या, मोठ्या आचेवर तापवून मग कमी करायला गेलात तर अंदाज चुकतो.

काप आपल्यापासून लांबच्या बाजूला टेकवत सोडा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. एका वेळी दोन, फार तर तीन. जास्त टाकले की तेल गार होतं. आणि पहिली दोन मिनिटं हात लावू नका. अंडं आळायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी झारा खुपसला की कवच सुटतं. अडीच ते तीन मिनिटांनी कडेचा रंग सोनेरी दिसला की एकदाच उलटा, दुसरी बाजू अडीच मिनिटं. शंका असेल तर सर्वांत जाड कापात सुरीचं टोक खुपसून बघा. मांस पारदर्शक न राहता पांढरं झालं असेल आणि पाकळी सहज सुटत असेल तर काढा. मासा वाट बघत नाही. एक मिनिट जास्त म्हणजे रसाचा कोरडा चोथा.

प्रत्येक घाण्यानंतर तेलात पडलेले कण झाऱ्याने काढून टाका. ते करपून पुढच्या कापाला काळे ठिपके आणि कडवट चव देतात.

तळलेले काप पेपरवर टाकायची सवय सोडा. खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. ताटावर जाळी ठेवा, केक गार करायची किंवा पापड भाजायची कोणतीही, आणि त्यावर काप उभे-आडवे न टेकवता सुटे ठेवा. वर झाकण मुळीच नको. झाकण ठेवणं म्हणजे आपणच केलेल्या कष्टांवर पाणी शिंपडणं, शब्दशः.

एअर फ्रायरवाल्यांसाठी: चुरा आधीच एक मोठा चमचा तेल घालून कढईत फिकट सोनेरी भाजून घ्या, कारण यंत्रात मासा शिजेपर्यंत कोरड्या चुऱ्याला रंग चढत नाही. यंत्र आधी तापवा, २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. रोजच्या जेवणाला ठीक. पाहुण्यांसाठी मी कढईच काढतो.

बरोबर उकडून लोण्यात परतलेले बटाटे, काकडीचे काप आणि लिंबाची फोड. आमच्याकडे मात्र गरम वरण-भाताबरोबर हे काप सर्वांत जास्त संपतात, आणि सॉस त्या भाताला लागला तरी कोणी तक्रार करत नाही. तेल गाळून बाटलीत ठेवा, पुढच्या वेळी माशालाच वापरा; त्यात पुऱ्या तळायचा विचारही नको.

जास्तीचे काप करून ठेवायचे असतील तर मासा ताजा असायला हवा, आधीच एकदा गोठवलेला नको. घोळवून, न तळता, ताटात सुटे ठेवून गोठवा, घट्ट झाले की डब्यात भरा आणि पंधरवड्यात संपवा. तळताना वितळवायचे नाहीत. थेट फ्रीझरमधून, जरा कमी तापलेल्या तेलात, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं. वितळू दिलेत तर सुटलेलं पाणी कवचाखाली साचेल आणि पुन्हा तेच थालीपीठ.